पाहुण्याची मासोळी

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. तो पाहायचा तर दिवसभर रेल्वेत बसावं लागतं, आणि आमच्याकडचे निम्मे लोक तो न पाहताच जातात. त्यांचं काही अडत नाही. पण माझ्या आजोळी आता बीच आहे. तलावाच्या काठाला नदीची रेती आणून टाकली आहे, तिच्यावर रंगीत छत्र्या आणि लाकडी आरामखुर्च्या मांडल्या आहेत, आणि एका पाटीवर देवनागरीत मोठ्या अक्षरांत ‘बीच’ असं लिहिलं आहे. मी मायला ती पाटी वाचून दाखवली. मायनं रेतीत चप्पल रुतवून पाहिली आणि विचारलं, “हे रेती कायले टाकली व? घर बांधून राह्यले का कोनी?”

माझं आजोळ म्हणजे ढिवरांचं गाव. मासोळ्या मारणं आणि पाण्यात शिंगाडे लावणं हे आम्हा ढिवरांचं पिढीजात काम. मालगुजारांच्या काळात बांधलेला मोठा तलाव, त्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जुनी झाडं, पाळीखाली धानाच्या शेतांच्या बांध्या, आणि पलीकडच्या काठावर जे जंगल सुरू होतं ते सुरूच. वाघ तेव्हाही होता. दिवस मावळल्यावर त्याचं नाव कोणी घेत नसे, ‘तो मोठा’ एवढंच म्हणत. आता त्या गावात सकाळ-संध्याकाळ त्याच्याच नावाचा जप चालतो. मूल गावाहून चंद्रपूरकडे जाताना फाट्यावर वळलं की झाडागणिक एका रिसॉर्टची पाटी लागते आणि प्रत्येक पाटीवर वाघ. काही पाट्यांवरचे वाघ तर आमच्या जंगलातले वाटतही नाहीत, फार धुतलेले दिसतात.

लहानपणी आम्ही मूलला राहत होतो. वडील तिथल्या एका राइस मिलमध्ये कामाला होते. वार्षिक परीक्षा संपली की माय आम्हा भावंडांना एस.टी.त घालायची, आणि फाट्यावर उतरून पुढचा रस्ता पायी. मूलमध्ये माय डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. फाट्यापासून थोडं पुढं आलं की ती पदर कमरेला खोचायची आणि अशी चालायला लागायची की आम्हाला मागून पळावं लागे. पाळ दिसली की हातातली पिशवी माझ्याकडे यायची. मामाच्या घरी पोचेपर्यंत ती चार ठिकाणी थांबून चार जणींशी बोललेली असायची, आणि त्यातल्या एकीशी हमखास भांडण काढलेलं असायचं. मूलमध्ये ती कोणाशी भांडली, असं मला आठवत नाही.

मामाचं घर गावाच्या पाण्याकडच्या टोकाला होतं. अंगणात बांबूवर जाळी वाळत घातलेली, ओसरीत सुकी मासोळी, आणि परसात मोहाचं झाड. त्या सगळ्याचा मिळून एक वास होता. मूलला परत आल्यावर आमच्या फ्रॉकांतून तो दोन धुण्यांनीसुद्धा जात नसे, आणि शाळेतल्या मुली नाक मुरडायच्या. मला तो वास आवडायचा. अजून कधी गडचिरोलीच्या बाजारात सुक्या मासोळीच्या टोपल्याजवळून जाताना मी उगीच रेंगाळते, आणि सोबत ऑफिसातलं कोणी असलं तर भाव विचारण्याचं नाटक करते.

पण खरी मजा तलाव काढायच्या दिवसाची. उन्हाळ्यात पाणी पार उतरलं की एक दिवस ठरवून सगळं गाव मोठं जाळं ओढायचं. पुरुष जाळ्याला, बाया काठाच्या चिखलात मासोळ्या वेचायला. लाकूड कोरून केलेले डोंगे पाण्यावर इकडून तिकडे फिरत. मग पाळीखाली केळीची आणि पळसाची पानं अंथरून वाटे लावायचे. जितकी घरं तितके ढीग. कोणता ढीग कोणाचा, हे ठरवायची रीत अशी होती की प्रत्येक घराची एक निशाणी असे. कोणाची कवडी, कोणाचा चिंचोका, कोणाचा बांगडीचा तुकडा. मामाच्या घराची मोहाची बी. सगळ्या निशाण्या एका सुपात गोळा व्हायच्या, आणि एक म्हातारी डोळ्यांवर पदर ओढून सुपातली हाताला येईल ती निशाणी एकेका ढिगावर टाकत जायची. ज्याची निशाणी पडली त्याचा तो ढीग. त्यावर तक्रार चालत नाही, असं सगळे म्हणायचे, आणि तक्रार केल्याशिवाय आपला वाटा कोणी उचलत नसे. “माह्या ढिगात निरे काटेच आले” पासून सुरुवात व्हायची आणि एकमेकांच्या आज्यापर्यंत जायची. मग सगळे हसत घरी.

त्या दिवशी माहेरी आलेल्या लेकीचीही निशाणी सुपात पडे. तिच्या माहेरच्या घराचीच निशाणी, फक्त हळद लावलेली; मायची हळदीची मोहाची बी. भावाचा वाटा वेगळा, लेकीचा वेगळा, दोन्ही सारखे. आम्हा पोरांना स्वतःचं काही नसे, आम्ही मायच्या वाट्यातलं खायचं. मायला तिचा ढीग मिळाला की ती लगेच उचलायची नाही. थोडा वेळ नुसती त्याच्याजवळ बसून राहायची. सासरी तिच्या नावावर पितळेचं पातेलंसुद्धा नव्हतं, हे तेव्हा आम्हाला कुठे कळत होतं.

आता त्यातलं काय उरलंय, ते सांगते. मामी गेली, मग मामा गेला. त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, घराची जागा रिसॉर्टवाल्यांना विकून चंद्रपूरला राहायला गेला. मी त्याला दोष देत नाही. त्याला दोन मुली शिकवायच्या होत्या, आणि तलावात मासोळी कमी झाली होती. मायही त्याला कधी काही बोलली नाही. पण मामाच्या तेरवीनंतर ती गावाला गेली नाही. मी गडचिरोलीत सरकारी नोकरीत, माय माझ्याकडे. जाऊ म्हटलं की ती गुडघे पुढे करायची.

या उन्हाळ्यात मावशीचा फोन आला. ही आमची सख्खी मावशी नव्हे. मायची लहानपणची जोडीदारीण, दोघींचं घराला घर लागून होतं. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण फोनवर तिचा आवाज अजूनही शेजाऱ्यांना ऐकू जातो. मच्छीमार सोसायटी कितीतरी वर्षांनी पुन्हा सगळ्यांना घेऊन तलाव काढणार आहे, जुन्या रीतीनं वाटे लावणार आहे, तू ये, असं ती म्हणाली. फोन ठेवून माय माझ्याजवळ येऊन बसली. मी भाजी निवडत होते. मग ती म्हणाली, “मले जाचं हाये.”

“जाऊ ना. गुडघ्यांचं काय?”

“गुडघ्याले का होते. माही निशानी सुपात टाकतेत का नाई, तेवढंच पाहाचं हाये मले. घर नाई राह्यलं. पन मी त हावो ना अजून.”

तिच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी पाहिलं तर तिनं शेजारच्यांच्या आवारातल्या मोहाखालून एक बी आणून, तिला हळद लावून, ती पदराच्या टोकाला बांधून ठेवली होती. जायला अजून आठवडा होता.

मी माझ्या परीनं तिची सोय पाहिली. मावशीच्या घरी खाली बसायचा संडास, पंखा एकच, तिची सून कामावर जाणारी. म्हणून मी मोबाइलवरून तलावाकाठच्या त्याच रिसॉर्टमध्ये खोली बुक केली. एसी, गरम पाणी, तलावाकडची खिडकी. शिवाय खोटं कशाला बोलू, ज्या गावात आपण अनवाणी हिंडलो तिथं चार पैसे खर्चून राहायची मला हौसही होती. गाडीत बसल्यावर मायनं विचारलं, “कोनाच्या घरी उतराचं?” मी म्हटलं, हॉटेलात. तिनं खिडकीकडे तोंड केलं. माहेरी जाऊन हॉटेलात उतरणारी आमच्या खानदानातली ती पहिलीच असणार.

रिसॉर्टच्या दारात एका मुलीनं आम्हाला कुंकू लावलं, थंड सरबत दिलं. माय तिला म्हणाली, “कोनाची व तू?” मुलीनं बापाचं नाव सांगितलं, मायनं त्याच्या बापाचं सांगितलं आणि तो बुडता बुडता कसा वाचला तेही सांगायला लागली. मुलगी हसली, “अच्छा मॅडम,” म्हणाली आणि खोलीचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. आमच्यामागे आणखी गाड्या उभ्या होत्या.

आत एक जुना डोंगा ठेवला होता. त्यात माती भरून लाल फुलांची झाडं लावली होती आणि वर दिवा सोडला होता. माय त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली. “हा बुडला असता त बरं झालं असतं,” ती म्हणाली. मामाच्या घराची जागा शोधायला आम्हाला वेळ लागला. शेवटी मोहाचं झाड सापडलं, त्याच्या बुंध्याला दिव्यांची माळ गुंडाळलेली. त्याच्याखाली आता सफारीच्या जिप्सी धुतात. एक ड्रायव्हर पाइपानं चाकांवरचा चिखल काढत होता. मायनं त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि ओल्या जागेकडे बोट दाखवून मला म्हणाली, “इथी चूल होती.” ड्रायव्हर बिचारा पाइप घेऊन थांबून राहिला. त्याला वाटलं, काही पडलंय म्हणून आम्ही शोधतोय.

रात्रीच्या जेवणाला पनीर होतं, आणि मासोळी होती ती आंध्रातून बर्फात आलेली. शेजारच्या टेबलावर पुण्याचं एक जोडपं होतं. मी त्यांना म्हटलं, हे माझं गाव. मग मी सुटलेच. डोंगे, शिंगाडे, तलाव काढायचा दिवस, सूप, निशाण्या, सगळं सांगितलं. बाई फार मन लावून ऐकत होती. मी ‘आमच्यात असं असतं’, ‘आम्ही असं करतो’ म्हणत होते आणि मला ते म्हणताना फार बरं वाटत होतं. माय वरण-भात कालवत होती. सगळं सांगून झाल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, “आणि वाघ दिसायचा का तुम्हाला?”

सकाळी रिसॉर्टची उघडी जीप पाहुण्यांना तलावाची मासेमारी दाखवायला निघाली. माय म्हणाली, पायी जाऊ, मावशीच्या घरावरून. तिचे गुडघे रात्रभर दुखत होते, मला दिसत होतं. मी तिला जीपमध्ये बसवलं. पुण्याचं जोडपं, हैदराबादचं एक कुटुंब, टोप्या, कॅमेरे आणि त्यात माझी माय नऊवारीत, पदराचं टोक मुठीत धरून. जीप थेट पाळीवर गेली. तिथं पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या.

खाली जाळं निम्मं ओढून झालं होतं. पाणी खूपच मागे सरलेलं, काठाला काळा चिखल, त्यात बाया वाकून वेचत होत्या. लहानपणीइतकी माणसं नव्हती, ओरडा मात्र तितकाच होता. मला कोणीच ओळखू आलं नाही. मी एकेक चेहरा पाहून त्यात त्याचा बाप शोधत होते. तो वास मात्र आला, पाळीवर चढल्या चढल्या, आणि माझे डोळे भरून आले. मायनं मावशीला शोधलं. ती लांब, बायांच्या पलीकडे, पोत्यावर बसून हातानं चाचपून मासोळ्या निवडत होती. माय तिला हाक मारणार तेवढ्यात सोसायटीचा अध्यक्ष पाळ चढून वर आला. तिशीतला तरणाबांड, कमरेपर्यंत भिजलेला, खिशात मोबाइल प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला. त्याच्या हातात एक भलीमोठी मरळ होती, कल्ल्यातून वेल ओवलेली, अजून शेपटी मारत होती. त्यानं खुर्च्यांवरून नजर फिरवली, सगळ्यांत म्हातारं माणूस पाहिलं आणि सरळ मायपुढे येऊन वाकला.

“आजी, पयला मान तुमचा. तुमी आमच्या गावचे पाहुने.”

मला त्या क्षणी आधी आनंद झाला, मग रीत आठवली. ही रीत मी पुण्याच्या बाईला सांगायची विसरले होते. वाटे लावण्याआधी सगळ्यांत मोठी, सगळ्यांत चांगली मासोळी बाजूला काढतात. ती पाहुण्याची. पाळीवर जो कोणी परका उभा असेल त्याची. लहानपणी ती एकदा बांगड्यावाल्याला मिळाली होती, एकदा तलाठ्याला, एकदा रस्ता चुकलेल्या कोणाला तरी. गावच्या माणसाला ती कधीच मिळत नाही. कारण गावच्या माणसाचा वाटा असतो. ज्याचा वाटा नसतो त्याचा मान असतो.

मायनं हात पुढे केले नाहीत. तो पोरगा दोन्ही हातांवर मरळ घेऊन वाकलेला, पुण्याची बाई फोटो काढते आहे, आणि माय त्या मासोळीकडे अशी पाहते आहे की मला तिच्याकडे पाहवेना.

“मले पाहुनी काऊन केलं, बापू?” ती म्हणाली.

पोरगा गोंधळला. त्याचीही काही चूक नव्हती. आम्ही रिसॉर्टच्या जीपमधून उतरलो होतो. “तुमी वरून आले ना,” त्यानं हात रिसॉर्टकडे केला.

“म्या खालूनच आली. तुहा बाप रांगत होता तवापासून इथी हावो मी.”

एवढं बोलून ती खुर्चीवरून उठली आणि पाळ उतरायला लागली. तिला आमच्या घरात दिवाणावरून उठायला हात द्यावा लागतो. मी मागे धावले, तर तिनं कोपरानं मला मागं सारलं. चपला तिनं उतारावरच सोडल्या, लुगडं वर खोचलं, आणि त्या काळ्या चिखलात पोटऱ्यांपर्यंत उतरली. बाया वेचायच्या थांबल्या. मी काठावर उभी राहिले, कारण माझ्या पायात नवे बूट होते आणि हातात मायची औषधांची पिशवी होती.

मावशीला चिखलातले पाय ऐकू आले. तिनं मान वर केली. “कोन व?”

“मी वो.”

“आली का तू. मी त सकाळी बसवर जाऊन वाट पाह्यली. उतरलेल्या एकेकाले इचारलं.”

“बसनं नाई आली.”

“मंग कायनं आली?”

माय तिच्या शेजारी चिखलातच बसली, समोरच्या ढिगात हात घातला आणि निवडायला लागली. बारीक एकीकडे, मोठं एकीकडे, झिंगे तिसरीकडे. मावशीनं पुन्हा विचारलं नाही. दोघी निवडत राहिल्या. तोवर अध्यक्ष मरळ घेऊन खाली आला होता. जाळं पूर्ण निघालं, पानं अंथरली गेली, वाटे पडायला लागले. सूप फिरायला लागलं, तशी मायनं पदराची गाठ सोडली आणि हळदीची बी काढून सुपापुढं धरली.

सूप धरणारी बाई थांबली. तिनं अध्यक्षाकडे पाहिलं. मी काठावर उभी, आणि मला वाटत होतं की आता कोणी काही बोलूच नये. पण एक जण बोलली, आणि बोलली ते खोटंही नव्हतं. “घर नाई त निशानी कायची? असं त मंग साऱ्या लेकी येतीन. आमच्या वाट्याले का उरन?”

अध्यक्षानं मानेमागं खाजवलं. “आजी, सोसायटीत घरावर निशानी हाये. तुमच्या घराची जागा तर…” त्याच्या हातात मरळ होतीच. “म्हनून म्हनलं, हे घ्या. हे साऱ्या वाट्याईहून मोठी हाये.”

“मोठी नोको मले,” माय म्हणाली. तिचा हात सुपापुढं तसाच होता. “जे पडन ते दे. नाई पडलं त तसं सांग. पन पाहुनी नोको म्हनू.”

मावशी इतका वेळ खाली मान घालून निवडत होती. तिनं न पाहताच हात लांब केला, मायची पोटरी चाचपली, वरून खाली पाऊल चाचपलं आणि चिखलाचा हात आपल्या लुगड्याला पुसला. “पाय भरले हायेत हिचे,” ती म्हणाली. “चिखलात उतरन त्याचा वाटा. घर मागून आलं, सोसायटी त्याच्याही मागून. टाक व तिची निशानी.”

कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. सूपवालीनं सूप मायच्या हाताखाली सरकवलं. एक ढीग वाढवायचा म्हणून प्रत्येक वाट्यातून थोडं थोडं काढलं, ती बोलणारी बाईसुद्धा काढू लागली, पुटपुटत का होईना. मग मावशीच्याच डोळ्यांवर पदर ओढला, ज्याची खरं तर गरज नव्हती, आणि निशाण्या पडत गेल्या. चिंचोका, कवडी, बाटलीचं बूच, कोणाचं मोबाइलचं जुनं बटण. हळदीची बी पडली ती शेवटून दुसऱ्या ढिगावर. तो ढीग काही खास नव्हता. झिंगे, बारीक मासोळ्या आणि एक खेकडा.

माय ढिगाजवळ गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “हे का वाटा हाये? निरा भुसा हाये. त्या ढिगात रोहू पाह्य, आन माह्या ढिगात हा लंगडा खेकडा.”

“तुले त पयलेपासून कमीच दिसते,” मावशी म्हणाली. “घ्याचं त घे, नाई त ठेव तिथंच.”

“मी काऊन ठेवू? तूच टाकला ना मुद्दाम.”

“मले दिसते का मुद्दाम टाकाले?”

“तुले सारं दिसते. लगनाच्या बाजारातही माह्यापेक्षा जड लुगडं तुलेच दिसलं होतं.”

आता बाया हसायला लागल्या. ती मघाशी आडवं बोललेली बाई म्हणाली, घ्या आजी, माह्यातला एक रोहू घ्या, तर माय तिच्यावरच उखडली, “मले कोनाच्या वाट्यातलं नोको.” तिचा आवाज इतका मोठा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मग ती बसली, ढिगाजवळ, चिखलात, आणि झिंगे एकेक करून पानावर सरळ लावायला लागली. मी त्या दोघी म्हाताऱ्यांकडे पाहत उभी राहिले. मला रडू येत होतं आणि हसू येत होतं, आणि सगळ्यांत जास्त वाटत होतं की मीही खाली जाऊन त्यांच्यात बसावं. मी बूट काढायला वाकले.

तेवढ्यात अध्यक्ष माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मरळ अजून त्याच्या हातातच होती. पाहुण्याची म्हणून काढलेली मासोळी परत ढिगात जात नाही, हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती. त्यानं आधी पाळीवरच्या खुर्च्यांकडे पाहिलं, पण जीप रिसॉर्टच्या लोकांना घेऊन सफारीच्या वेळेसाठी निघून गेली होती.

“ताई, मंग तुमी घ्या.”

मी मायकडे पाहिलं. मला वाटलं, ती काही म्हणेल. मघाशी स्वतःसाठी म्हणाली तसं एखादं वाक्य, ही माही पोरगी हाये, इथंच मोठी झाली, असं काही. तिनं वर पाहिलं, झिंग्यांवरून हात न काढता.

“घे ना व,” ती म्हणाली. “पाहुन्यानं नाई म्हनू नोये.”

आणि पुन्हा मावशीकडे वळून तिनं खेकड्याचा विषय काढला. मी एका पायात बूट, एक पाय मोकळा, अशी उभी होते. पोरानं वाकून, दोन्ही हातांनी, मोठ्या अदबीनं ती मरळ माझ्या हातांवर ठेवली. जड होती आणि अजून जिवंत होती. एवढी मोठी मासोळी त्या गावात मला आजवर कोणीच दिली नव्हती.